चहाच्या थांब्यावर ठरलेला रत्नागिरीचा बेत

रविवारी सकाळी सव्वासातच्या सुमाराला शिरोळच्या अलीकडं एका चहाच्या टपरीपुढं सहा सायकली ओळीनं उभ्या असतात. त्यातली एक काळी, जुन्या घडणीची, मडगार्ड तारेनं बांधलेली. ती आमच्या चाचांची. एस.टी.त कंडक्टर म्हणून त्यांनी उभी नोकरी केली, आता वय ६७. सगळ्यात हलकी आणि महागडी सायकल बँकेतल्या साहेबांची. जाड टायरची इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या पोराची. एक मिस्त्रींनी स्वतः तीन सायकलींचे भाग जोडून तयार केलेली. उरलेल्या दोन साध्या, गिअरच्या. एक मेडिकल दुकान चालवणाऱ्या भाईंची आणि दुसरी माझी, हप्त्यानं घेतलेली.

मी मिरजेतल्या उर्दू शाळेत मराठी शिकवतो. तीन वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी हालचाल करा. मी महिनाभर मैदानाला फेऱ्या मारल्या आणि कंटाळून सोडून दिल्या. शाळेजवळच मिस्त्रींचं दुकान आहे. ते एकदा म्हणाले, "मास्तर, एकट्यानं गोल गोल फिरून कुणाला कंटाळा येणार नाही? रविवारी आमच्याबरोबर या की." मुलाची धूळ खात पडलेली सायकल घेऊन गेलो. त्यांनी आधी सीट वर केली. टाच पॅडलवर ठेवली की खाली गेलेला पाय जवळपास सरळ व्हायला हवा, हे तेव्हा कळलं. त्याआधी चाळीस वर्षं मी सीट खाली ठेवून गुडघ्यांना त्रास देत होतो.

अशी सुरुवात झाली. सायकल चालवून काय मिळालं असं कुणी विचारलं, तर वजन पाच किलो उतरलं हे मी सांगतोच. पण खरं सांगायचं तर मला त्या टपरीवरचा पाऊण तास मिळाला. आज लिहायचं आहे ते त्या पाऊण तासाबद्दल, आणि त्यानं माझ्या घरात उभ्या केलेल्या एका प्रश्नाबद्दल.

बोलणं कशाचं असतं?

बाहेरच्या माणसानं ऐकलं तर त्याला वाटेल, या लोकांना काही कामधंदा नाही. पहिला विषय टायरचा. कुणाचा पंक्चर झाला, ट्यूबमध्ये बाभळीचा काटा निघाला की तारेचा तुकडा, हवा किती भरली. दुसरा विषय रस्त्याचा. अर्जुनवाडच्या पुलाकडं खड्डे बुजवले का, उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले का. हा विषय आमच्याकडं हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागच्या ट्रॉलीला पुष्कळदा दिवा नसतो. पहिली ट्रॉली पुढं गेली म्हणून माणूस रस्त्यावर येतो आणि दुसरी अंगावर येते. म्हणून मागं लाल दिवा, पुढं पांढरा दिवा, डोक्यावर हेल्मेट आणि एकामागं एक, हे नियम चाचांनाही लागू आहेत. चाचा हेल्मेटखाली टोपी घालतात, एवढीच सवलत.

तिसरा विषय पुढच्या रविवारचा. नरसोबाची वाडी करून कुरुंदवाडपर्यंत जायचं, की पंढरपूर रस्त्यानं भोसेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर? वाडीचा रस्ता सपाट, जाऊन-येऊन ४० किलोमीटरच्या आसपास. दंडोबाला चढ आहे, पण वर झाडी आणि वारा. पोराला चढ हवा असतो, मला सपाटी. कधी लवकर निघून खिद्रापूर गाठतो. कृष्णेकाठचं ते कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं. पुढच्या मंडपाचं छप्पर मधोमध गोल उघडं आहे आणि खाली उभं राहिलं की तेवढंच गोल आभाळ दिसतं. दगडातली हत्तींची रांग बघून पोरगा पहिल्यांदा गप्प बसलेला मी तिथंच पाहिला.

बँकेतल्या साहेबांचे बेत मोठे असतात. त्यांनी २०० किलोमीटरची 'ब्रेव्हे' पुरी केली आहे. ही शर्यत नसते. साडेतेरा तासांत २०० किलोमीटर पुरे करायचे, वाटेतल्या ठरलेल्या नाक्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा. मधल्या वाटेत मागून गाडी आणून मदत घ्यायची नाही. पहिला आलेला आणि वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी आलेला, दोघांची किंमत सारखीच. नंबर काढतच नाहीत. ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. या सगळ्यांचा मोठा भाऊ म्हणजे फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. सुरुवात १८९१ मध्ये झाली, आता दर चार वर्षांनी होते. १२०० किलोमीटर, बहुतेकांना ९० तासांची मुदत. रात्री-अपरात्री तिथल्या गावातली माणसं घरापुढं टेबल मांडून अनोळखी सायकलवाल्यांना कॉफी आणि पाणी देतात, हे साहेबांनी सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, "आपल्याकडं पंढरीच्या वारीत आणि उरुसात हेच तर होतं. त्यात फ्रान्सचं काय कौतुक?" साहेबांकडं उत्तर नव्हतं.

खाण्याचा विषय

चौथा विषय खाण्याचा, आणि तो कधीच संपत नाही. मिसळीचा कट कुठं चांगला, भडंग सांगलीचं की जयसिंगपूरचं, वाडीला गेल्यावर बासुंदी घ्यायची की कवठाची बर्फी. सायकल मारून जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट आपण खातो, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. बोलतात ते फक्त मेडिकलवाले भाई. ते माझ्या बशीकडं बघून खाकरतात.

श्रावणात साहेब अंडं खात नाहीत, म्हणून त्या महिन्यात आम्ही ऑम्लेटच्या गाड्याजवळ थांबत नाही. हे कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. रमजानमध्ये रविवारची फेरी बंद असते. ईदनंतरच्या पहिल्या रविवारी चाचांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा टपरीवर येतो. त्या दिवशी टपरीवाला चहाचे पैसे घेत नाही आणि डब्यातला सगळ्यात मोठा वाटाही तोच घेतो.

इतकं साधं बोलणं. पण चाळिशीनंतर पुरुषाला असं बोलायला माणसं उरतात का, याचा विचार करून बघा. नातेवाईक भेटतात ते लग्नात नाही तर मय्यतीला. सहकारी भेटतात ते कामाच्या कटकटीसह. ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही आणि ज्याला काही द्यायचं नाही, असा माणूस कमी होत जातो. टपरीवर आम्ही शेजारी-शेजारी बसून रस्त्याकडं बघत बोलतो. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळं अवघड गोष्टसुद्धा सहज तोंडातून निघते. मिस्त्रींनी दुकानावरचं कर्ज तिथं सांगितलं. पोरानं दोन विषय राहिल्याचं घरी सांगायच्या आधी तिथं सांगितलं.

आणि माझी तर गोष्टच तिथं घडली.

कुरुंदवाडचा रविवार

पावसाळा संपता संपता एका रविवारी आम्ही कुरुंदवाडला निघालो. नाश्ता तिथंच करायचा होता. मी फजरनंतर साखरेची गोळी घेतली, कोरा चहा प्यालो आणि निघालो. वाडी मागं पडली आणि मला घाम सुटला. सकाळची थंड हवा, तरी शर्ट भिजला. हँडलवरचे हात थरथरायला लागले. पोरगा शेजारून पुढं गेला तर मी त्याच्यावर विनाकारण ओरडलो. मागून येणाऱ्या भाईंनी ते ऐकलं. मी कुणावर ओरडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हाक मारून सगळ्यांना थांबवलं, मला रस्त्याकडेला बसवलं आणि विचारलं, "मास्तर, खरं सांगा, साखरेची गोळी चालू आहे का?"

तोपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायला लाज वाटत होती, जणू काही मी चोरी केली होती. मी मान हलवली. चाचांनी जवळच्या घरातून पेलाभर पाणी आणि साखर मागून आणली. भाईंनी तीन चमचे साखर विरघळवून प्यायला दिली आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांनी हात थांबले. मग शेजारच्या गाड्यावरून पोहे आणून समोर बसून खायला लावले. त्या दिवशी मी परत आलो तो भाजीच्या रिकाम्या टेम्पोत, सायकलीशेजारी बसून.

भाईंनी नंतर नीट समजावलं. मधुमेहाच्या काही गोळ्या साखर खाली आणतात, मेहनतही साखर खाली आणते. दोन्ही एकदम आणि पोट रिकामं, म्हणजे साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम, थरथर, घाबरं होणं, डोकं न चालणं, चिडचिड ही तिची लक्षणं. तेव्हा लगेच साखर, गूळ किंवा ग्लुकोज तोंडात पडायला हवं. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. ज्यांना ही गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी उपाशीपोटी सायकल, पळणं, लांब चालणं यातलं काही करू नये, खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी आणि गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी गोळी आणि वेळ दोन्ही बदललं.

भाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "घरी सांगा." ती मी केली नाही. घरी म्हणालो, पंक्चर झालं, म्हणून टेम्पोनं आलो.

रत्नागिरी ठरते

दिवाळीनंतर थंडी पडली आणि साहेबांनी विषय काढला. "यंदा रत्नागिरी करू." मिरजेहून रत्नागिरी सुमारे १८० किलोमीटर. पहिल्या दिवशी अंकलीच्या पुलावरून जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर, मलकापूर करत आंबा गाव. दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून साखरपा, पाली, हातखंबा आणि खाली समुद्र.

तीन रविवार दुसरं बोलणं नव्हतं. सव्वीस जानेवारीला जोडून जाऊ म्हटलं तर मला झेंडावंदनाला शाळेत हजर राहावं लागतं. नाताळात रत्नागिरीत पाय ठेवायला जागा नसते. शेवटी जानेवारीतला दुसरा शनिवार पक्का झाला, कारण त्या दिवशी बँक बंद असते. मी किरकोळ रजा टाकणार. मिस्त्रींनी घाट उतरायची शिकवणी घेतली: ब्रेक धरून ठेवायचा नाही, धरायचा-सोडायचा, नाही तर रिम तापते, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. चाचांनी घाटातलं वळण न् वळण सांगितलं. कोल्हापूरहून कोकणात उतरायला अजून रेल्वे नाही, त्यामुळं तो घाट एस.टी.चा, आणि एस.टी. म्हणजे चाचांची. त्या रस्त्यावर त्यांनी किती वर्षं तिकिटं फाडली याचा हिशेब त्यांच्याकडंही नाही.

प्रश्न एकच निघाला. चाचांना ११५ किलोमीटर एका दिवसात झेपतील का? त्यांच्या मुलांचा विरोध होता. पोरगा पटकन म्हणून गेला, "चाचांना कोल्हापूरपर्यंत गाडीनं सोडू." चाचा काही बोलले नाहीत, चहा ढवळत राहिले. मग साहेबच म्हणाले, "आपल्यात नंबर काढतो का आपण? पहाटे एक तास आधी निघू, दर वीस किलोमीटरला थांबू, आणि चाचा पुढं राहतील. त्यांच्या वेगानं सगळे." तेवढ्यावर तो प्रश्न मिटला. चाचांनी डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं कबूल केलं.

घरचा प्रश्न

त्या रात्री मी जेवताना मोठ्या उत्साहात घरी सगळं सांगितलं. माझी मुलगी नववीत आहे, मुलगा बारावीत. अम्मींना गुडघ्यांमुळं उठवून बसवावं लागतं. बायको ताटं वाढत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कुठं चहा प्यायचा तेसुद्धा ठरलं. दोन दिवस अम्मींना कोण उठवणार ते ठरलं का?"

मी म्हणालो, "तू आहेस की."

ती बसली. हळू आवाजात म्हणाली, "कुरुंदवाडला काय झालं होतं?"

आठवडाभर आधी एका वलीम्यात तिला भाईंची बायको भेटली होती. तिनं आपुलकीनं विचारलं होतं, आता भाऊंची तब्येत कशी आहे. माझ्या बायकोनं तिथं कळल्यासारखं दाखवून वेळ मारून नेली होती. आता ती मला म्हणाली, "तुमच्या पाच दोस्तांना माहीत आहे. टेम्पोवाल्याला माहीत आहे. रस्त्याकडेच्या ज्या घरातून साखर आणली त्या बाईला माहीत आहे. तुमच्या ताटात रोज काय वाढायचं हे ठरवणाऱ्या मला माहीत नाही."

माझ्याकडं सबबी होत्या. तुला काळजी नको म्हणून नाही सांगितलं, ही पहिली. पण मुलगी समोर बसली होती आणि खोटं बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा कसा होतो हे मला शिक्षक म्हणून चांगलं माहीत आहे. मी गप्प बसलो. खरी गोष्ट अशी होती की घरी सांगितलं तर रविवार बंद होईल, ही भीती. थांब्यावर मी मोकळा होतो, कारण तिथं माझं काही अडकलेलं नव्हतं. घरी सगळंच अडकलेलं होतं, म्हणून तिथं मी तोंड बंद ठेवलं.

ती शेवटी एवढंच म्हणाली, "जा तुम्ही. मी अडवत नाही. पण मला कधी पाऊण तास बसून बोलायला मिळाला, तो कधी, आणि कुणाशी?"

पुढचा रविवार

पुढच्या रविवारी मी टपरीवर हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चेष्टा होईल. झाली नाही. भाई म्हणाले, चूक माझ्या घरातून झाली. मी म्हणालो, चूक माझ्या घरातली होती, तुमच्या घरानं फक्त उघड केली. मग साहेबांनी सांगितलं की त्यांच्या ब्रेव्हेच्या दिवशी मुलीचं शाळेत संमेलन होतं. मिस्त्री रस्त्याकडं बघत राहिले.

चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्या रस्त्यानं आयुष्यभर लोकांना समुद्राकडं नेलं. ती दर वर्षी म्हणायची, एकदा मला न्या. मी म्हणायचो, नोकरीवरून सुटलो की जाऊ. सुटलो त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली. रत्नागिरीचं तिकीट मी हजारोंना फाडलं, तिला एक नाही फाडलं."

टपरीवाल्यानं न सांगता सहा चहा पुन्हा आणून ठेवले.

त्या चहावर बेत बदलला. सायकलवाले शनिवारी पहाटे निघून दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत पोचतील. घरची माणसं रविवारी सकाळच्या एस.टी.नं येतील. महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळं खर्चाचा बाऊ करायचं कारण उरलं नाही. सोमवारी समुद्र, थिबा राजवाडा आणि दुपारनंतर सगळे मिळून परत, सायकली टेम्पोत. माझी किरकोळ रजा एकाची दोन झाली.

अम्मींचा प्रश्न माझा होता. जयसिंगपूरला माझी मोठी बहीण असते. इतक्या वर्षांत अम्मींसाठी तू चार दिवस ये, असं मी तिला स्वतः कधी म्हटलं नव्हतं. ते बोलणं नेहमी बायकोकडं असायचं. मी फोन केला. आपा म्हणाली, "तुझ्या सायकलीसाठी येणार नाही. दुल्हन समुद्र बघणार असेल तर आजच येते."

घाट आणि समुद्र

प्रवासाचं वर्णन लांबवत नाही. चाचा पुढं, आम्ही मागं. कोल्हापूरपर्यंत धुकं होतं, मलकापूरनंतर चढ लागला आणि शेवटचे दहा किलोमीटर सगळेच बोलायचे थांबलो. आंब्याला पोचलो तेव्हा अंधार पडत होता. मी दर तासाला काहीतरी खात होतो, सकाळ-संध्याकाळ बोट टोचून साखर बघत होतो आणि आकडा घरी कळवत होतो. दुसऱ्या दिवशी घाटात चाचा एका वळणावर थांबले आणि म्हणाले, इथं गाडी गरम व्हायची, इथं आम्ही पाणी घालायचो. आम्ही त्यांच्याबरोबर थांबलो. रिमलाही हात लावून बघितला, गरम होती.

एस.टी. आमच्या आधी पोचली होती. भाट्याच्या किनाऱ्यावर बायका-पोरं बसली होती. माझी बायको, भाईंची बायको, साहेबांच्या घरच्या आणि चाचांची सून अशा चौघी वाळूत गोल करून बोलत होत्या. आम्ही घामेजलेले येऊन उभे राहिलो तरी त्यांचं बोलणं काही थांबेना. चाचा सुनेजवळ न बसता पाण्यापर्यंत चालत गेले आणि बराच वेळ तिथं उभे राहिले. त्यांना कुणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी थिबा राजवाड्यात मुलीनं मला इतिहासाचे प्रश्न विचारले. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. हा राजवाडा १९१० मध्ये तयार झाला आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला. मुलगी म्हणाली, "म्हणजे तीस वर्षं त्याला समुद्र दिसत होता, पण जाता येत नव्हतं." मी तिच्या आईकडं बघितलं. ती हसली आणि म्हणाली, "माझ्याकडं काय बघता? मी तर आले."

वाचकांना दोन शब्द

माझ्या वयाच्या भावांना मी एवढंच म्हणेन: तुमचा एखादा थांबा असू द्या. सायकल नसली तरी चालेल. मैदान, तालीम, मशिदीच्या पायऱ्या, काहीही. तिथं फालतू बोला, खाण्याचं बोला, कधी न होणाऱ्या प्रवासांचं बोला. त्याच फालतू बोलण्यातून माणूस आपलं दुखणं सांगायला शिकतो. पण शिकलेलं तिथंच ठेवून येऊ नका. जे सहा दोस्तांना सांगता येतं ते घरच्या माणसाला सांगता येत नसेल, तर कुलूप आपणच लावलेलं असतं. आणि आपल्या थांब्याच्या वेळी घर कोण सांभाळतं, त्या माणसाचा थांबा कुठं आहे, हेही कधी विचारा.

आमच्या घरी आता रविवारी दुपारी चार ते पाच मी अम्मींजवळ बसतो. बायको भाईंच्या घरी जाते, नाही तर त्या इकडं येतात. काय बोलतात ते मला माहीत नाही. परत आली की ती चहा टाकते आणि मला विचारते, "सकाळी थांब्यावर काय ठरलं?"

मी सगळं सांगतो. पंक्चर, खड्डे, मिसळ, पुढच्या हिवाळ्यातला बेत. आणि सकाळचा साखरेचा आकडा, तिनं विचारायच्या आधी.